उंदरांचा थायमस भरून आला आणि पुन्हा आटला: संपूर्ण शरीरावरच्या किरणोत्सर्गाबद्दल प्रश्न

आर्या_पॅथ

नमस्कार मंडळी. पशुविकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. प्रबंधासाठी सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांच्या माद्यांना एकाच वेळी संपूर्ण शरीरावर ५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) गामा किरण दिले. मग ६ तास, १ दिवस, ५ दिवस, १२ दिवस, २१ दिवस आणि ६ आठवडे अशा टप्प्यांवर थायमस (छातीतली, टी पेशी तयार करणारी ग्रंथी), प्लीहा, आतड्याच्या पडद्यातला लिम्फ नोड आणि मांडीचं हाड काढून ठेवलं. प्रत्येक टप्प्याला किरण न दिलेला कंट्रोल गट आहे.

सुरुवातीचं चित्र पुस्तकाबरहुकूम आलं. एका दिवसात रक्ताच्या फिल्मवर लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) शोधावे लागत होते. पाचव्या दिवशी थायमस अगदी चिमलेला होता. बाराव्या दिवशी तो जवळजवळ कंट्रोलइतका भरला. आता पुढे सुधारणाच दिसणार असं धरून चालले होते, तर एकविसाव्या दिवशी थायमस पुन्हा लहान. एखाद्याच उंदराचा नव्हे, गटातल्या सगळ्यांचा. मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं की पाचव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या टॅगची अदलाबदल झाली असणार, तो गट गाळून टाक. मला हे पटत नाहीये, पण विरोध करायला हातात काही नाही.

अजून दोन गोष्टी अडल्या आहेत. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी किरणांना आधी बळी पडतात, असं सगळीकडे वाचलं. मग लहान लिम्फोसाइट, जे विभागत नाहीत, स्वस्थ बसून असतात, ते सगळ्यांत आधी का जातात? आणि दुसरं, लिम्फ नोडची तंतूंची जाळी, सायनस, आवरण सगळं शाबूत दिसतं. पुढे त्यात पेशीही परत भरतात. मग त्याला नुकसान म्हणायचं तरी किती आणि किती दिवस?

डोसिमीटर

माझा विषय मात्रामापनाचा, त्यामुळे तेवढ्यापुरतंच लिहितो. ऊतींबद्दल इथले जाणकार सांगतील.

गट गाळण्याआधी किरण दिले त्या दिवसाची नोंदवही काढा. सगळे उंदीर एकाच फेरीत होते की वेगवेगळ्या? मात्रेचा दर काय होता? पिंजरा फिरता होता का? पाय किंवा शेपटीचं मूळ किरणांच्या क्षेत्राबाहेर राहिलं असण्याची शक्यता आहे का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. १९४९ मध्ये लिऑन जेकबसन यांनी शिकागोत उंदरांची प्लीहा शरीराबाहेर घेऊन शिशाच्या आडोशाखाली ठेवली आणि बाकी शरीरावर एरवी बहुतेक उंदीर मेले असते एवढे क्ष-किरण दिले. बरेच उंदीर जगले आणि त्यांची मज्जा (हाडातला रक्त बनवणारा गर) व लसीका ऊती लवकर सावरली. झाकलेल्या भागातून काहीतरी रासायनिक द्रव्य येत असावं, असा तेव्हा अंदाज होता. १९५६ पर्यंत गुणसूत्रांच्या खुणेवरून सिद्ध झालं की जगलेल्या पेशीच येऊन वस्ती करतात. म्हणजे मज्जेचा छोटा तुकडा जरी झाकला गेला, तरी तुमचा आलेख वेगळा येईल.

प्राणी कोणता यावरही ५ ग्रेचा अर्थ बदलतो. तुमच्या उंदरांसाठी ३० दिवसांत निम्मे मरावेत अशी मात्रा साधारण ७ ते ८ ग्रेच्या आसपास असते. कुत्र्यासाठी ती अडीच ते तीन ग्रे. म्हणून कुत्र्यांवरच्या जुन्या लेखांतले दिवस उचलून उंदरांच्या तक्त्याशेजारी मांडू नका. मोठ्या जनावरात किरण एका बाजूनेच दिले असतील तर दुसऱ्या बाजूला मात्रा बरीच कमी पोचते. उंदीर एवढासा, त्याच्यात ही भानगड जवळपास नाही.

स्लाइडवाली

आर्या, तो गट मुळीच गाळू नकोस. तुझ्या प्रबंधातली सगळ्यांत मोलाची गोष्ट त्याच गटात आहे.

मी बरीच वर्षं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या स्लाइड वाचते आहे आणि थायमसचं हे दुसरं आटणं मला नवीन नाही. मध्यम मात्रेनंतर उंदराचा थायमस दोनदा आटतो. पहिलं आटणं सरळ आहे, बाह्यकातले (बाहेरच्या थरातले) थायमोसाइट, म्हणजे थायमसमधले कोवळे लिम्फोसाइट, काही तासांत मरतात. पण थायमसच्या आतच काही कोवळ्या पूर्वज पेशी असतात, परिपक्वतेच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवरच्या. त्या तुलनेने चिवट. त्यांच्यातल्या वाचलेल्या पेशी भराभर विभागतात आणि दहा-बारा दिवसांत थायमस भरून टाकतात. तुझा बाराव्या दिवसाचा गुबगुबीत थायमस हा असा, आतल्या आत भरलेला.

पण या पेशींना स्वतःला कायम टिकवून ठेवता येत नाही. थायमसला मज्जेतून सतत नव्या पूर्वज पेशी याव्या लागतात, आणि मज्जेनेही तेच ५ ग्रे खाल्लेले आहेत. विहिरीत साचलेलं पाणी उपसून झालं, झरा अजून फुटलेला नाही, अशी मधली अवस्था येते. ती साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसते. मज्जा सावरून तिच्या पेशी थायमसमध्ये पोचल्या की दुसरी, खरी भरती सुरू होते. तुझा सहा आठवड्यांचा गट बघ, तिथे ती दिसायला हवी. हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. किरण दिल्यावर त्याच जातीच्या उंदराची निरोगी मज्जा टोचली किंवा मांडी झाकून ठेवली, तर थायमस नीट सावरतो.

इथेच एक गंभीर गोष्ट सांगते, कारण ती थायमसच्या पलीकडे जाते. हेन्री कॅप्लन यांनी १९५० च्या दशकात तुझ्याच जातीच्या उंदरांवर दाखवलं की साधारण पावणेदोन ग्रे असे आठवड्याच्या अंतराने चार वेळा दिले, तर पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांना थायमसचा लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) होतो. त्याच उंदरांची मांडी झाकली किंवा नंतर मज्जा दिली, तर प्रमाण खूप खाली येतं. मार खाल्लेली मज्जा आणि पुन्हापुन्हा रिकामा होणारा थायमस, हे दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. तुझी मात्रा एकदाच दिलेली आहे, तेव्हा तेवढं प्रमाण दिसणार नाही. तरी सहा आठवड्यांपलीकडे कुणी उंदीर ठेवले असतील, तर छाती उघडताना थायमसचं वजन घेतल्याशिवाय राहू नकोस.

आता लिम्फोसाइटचा प्रश्न. तू म्हणतेस तो नियम बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी १९०६ मध्ये मांडला, रॅट म्हणजे मोठ्या उंदरांच्या वृषणावर काम करून. पण त्याच्या तीन वर्षं आधीच लाइपझिगच्या हाइनेके यांनी किरण दिलेल्या लहान प्राण्यांच्या प्लीहेत आणि लिम्फ नोडमध्ये काही तासांत फुटलेल्या केंद्रकांचा खच पाहिला होता. लिम्फोसाइट त्या नियमात बसत नाहीत, हे पहिल्यापासून पुराव्यानिशी समोर आहे. बहुतेक पेशी किरणांनंतर लगेच मरत नाहीत, विभागायला गेल्या की मरतात. गुणसूत्रं तुटलेली असतात, विभाजन कोलमडतं. लहान लिम्फोसाइट विभाजनाची वाटच पाहत नाही. १ ग्रेला एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याच्या साधारण चाळीसेक जागा होतात. एखादी फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणारी) पेशी थांबते, दुरुस्ती करते. लिम्फोसाइट स्वतःला संपवते. त्यामागे पी५३ हे प्रथिन आहे. १९९३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की पी५३ नसलेल्या उंदरांचे थायमोसाइट किरण देऊनही जगतात, पण स्टेरॉइड दिलं तर नेहमीसारखेच मरतात. मला हा प्रयोग फार आवडतो. एकाच पेशीतल्या मरणाच्या दोन वाटा त्याने वेगळ्या करून दाखवल्या.

आणि म्हणून तुझ्या कंट्रोलबद्दल विचारते. कंट्रोल उंदीर त्याच पेटीत घालून, तेवढाच वेळ कोंडून, स्रोत बंद ठेवून परत आणले होते का? उंदीर घाबरला की अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून स्टेरॉइड सुटतं आणि त्यानेही थायमस आटतो. लेब्लाँ आणि सीगल यांनी १९४२ मध्ये अधिवृक्क काढलेल्या रॅटवर काम करून हे दोन परिणाम वेगळे केले. किरणांचा थेट परिणाम अधिवृक्काशिवायही होतो, पण अधिवृक्क शाबूत असेल तर त्यात स्टेरॉइडची भर पडते. कंट्रोल नुसते पिंजऱ्यात बसलेले असतील, तर पाचव्या दिवसाच्या घटीतली थोडी घट किरणांची नाही, भीतीची आहे. तसं प्रबंधात स्पष्ट लिही.

स्लाइडवर काय बघायचं तेही सांगते. सहा तासांच्या थायमसमध्ये बाह्यक बघ. गडद जांभळे, गोल, कडा गुळगुळीत असलेले केंद्रकांचे तुकडे, काहींच्या भोवती गुलाबी पेशीद्रवाची बारीक कड. मध्येमध्ये फिकट, मोठ्या मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी), त्यांच्या पोटात असेच तुकडे. दाह नाही, न्यूट्रोफिलची गर्दी नाही. चोवीस तासांनी हा कचरा बराचसा साफ झालेला असतो आणि चित्र उलटतं. एरवी बाह्यक गडद आणि गाभा फिकट दिसतो, आता बाह्यक ओसाड आणि गाभा त्याच्यापेक्षा गडद. नवीन माणूस इथे गाभ्यालाच बाह्यक समजतो आणि 'बाह्यक टिकून आहे' अशी नोंद करतो. एपिथेलियल पेशी कुठे आहेत ते बघून ठरव, रंगाच्या गडदपणावर विसंबू नकोस.

लिम्फ नोडमध्ये गाठोळ्या म्हणजे फॉलिकल आधी रिकामे होतात. बी पेशी (प्रतिपिंडांच्या शाखेतल्या) टी पेशींपेक्षा (थायमसमधून आलेल्या) नाजूक. टी पेशींतही आधी प्रतिजन (प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते ते परकं द्रव्य) पाहिलेल्या स्मृतिपेशी कोऱ्या पेशींपेक्षा टिकाऊ. गाभ्यातल्या दोऱ्यांमध्ये प्लाझ्मा पेशी मात्र ठणठणीत बसलेल्या दिसतील, मॅक्रोफेजही. म्हणून किरण दिलेल्या नोडमध्ये प्लाझ्मा पेशी 'वाढल्या' असं लिहू नकोस. त्या तेवढ्याच असतात, आजूबाजूची गर्दी गेलेली असते. लसीकावाहिन्यांचं आवरणही चिवट. एवढ्या मात्रेला वाहिन्या तशाच राहतात. त्यांचं नुकसान, तंतुमयता आणि सूज हा एका जागी मोठी मात्रा देण्याचा, बऱ्याच उशिराचा परिणाम आहे. त्याची इथे गल्लत नको.

पक्षीवैद्य

आर्या, विषय पक्ष्यांकडे नेतो, कारण लसीका संस्थेची दोन अंगं वेगळी ओळखता आली ती किरणोत्सर्गाच्याच मदतीने, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

कोंबडीच्या पिल्लात गुदद्वाराजवळ फॅब्रिशियसची पिशवी असते, बर्सा. ती काढली तर प्रतिपिंडं तयार होत नाहीत, हे १९५६ मध्ये ग्लिक यांनी दाखवलं होतं. पण पिल्लू बाहेर येईपर्यंत बर्सा आणि थायमसमधून कितीतरी पेशी शरीरभर पसरलेल्या असतात, त्यामुळे नुसतं कापून चित्र स्वच्छ मिळेना. मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा बर्सा किंवा थायमस काढला आणि शिवाय संपूर्ण शरीरावर क्ष-किरण दिले. आधी पसरलेल्या पेशी पुसल्या गेल्या. बर्सा काढलेल्या पिल्लांत फॉलिकलची केंद्रं आणि प्लाझ्मा पेशी गायब, प्रतिपिंडं नाहीत. थायमस काढलेल्यांत रक्तातले लहान लिम्फोसाइट कमी आणि पेशींमार्फतची प्रतिकारशक्ती लुळी. आज आपण बी आणि टी म्हणतो त्या दोन शाखा एकमेकींपासून इतक्या साफ वेगळ्या या पिल्लांतच दिसल्या. बी हे अक्षरही बर्सावरूनच आलं.

आर्या_पॅथ

सगळ्यांचे मनापासून आभार. डोसिमीटर सर, नोंदवही पाहिली. सगळे उंदीर एकाच दिवशी, फिरत्या पिंजऱ्यात, आणि पाय-शेपटी पूर्ण क्षेत्रात. कंट्रोल त्याच पेटीत कोंडले होते, हे बरं झालं.

ताई, तुमचं उत्तर मार्गदर्शकांना दाखवलं. त्यांचं म्हणणं, दुसरं आटणं असतं हे मान्य, पण तुझे टॅग बदलले नाहीत याचा पुरावा यातून मिळत नाही. तेही खरंच आहे. आणि तिसरा प्रश्न राहिला, नोड परत भरला म्हणजे बरा झाला का?

स्लाइडवाली

तुझ्या मार्गदर्शकांनी योग्य तेच विचारलं आहे, आणि पुरावा तुझ्याच कपाटात आहे. प्रत्येक उंदराचं मांडीचं हाड आणि प्लीहा तू ठेवलेली आहेस ना? थायमस पाचव्या आणि एकविसाव्या दिवशी सारखाच लहान दिसेल, पण मज्जा सारखी दिसणार नाही. पाचव्या दिवशी मज्जेत पेशी तुरळक, रक्ताने फुगलेल्या शिरिका आणि चरबीच्या पोकळ्या. एकविसाव्या दिवशी तीच मज्जा बऱ्यापैकी भरलेली. प्लीहा तर त्याहून बोलकी. उंदराची प्लीहा मोठेपणीही रक्त बनवते. पाचव्या दिवशी ती चपटी, लाल भाग ओसाड. बाराव्या दिवसाच्या सुमाराला लाल भागात कोवळ्या लालपेशींचे गडद पुंजके उसळतात, मोठ्या मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) दिसतात. एकविसाव्या दिवशी लाल भाग गजबजलेला आणि पांढरा भाग मात्र अजून किरकोळ. हाडं नीट डिकॅल्सिफाय करून घे, घाईत आम्ल जास्त झालं तर केंद्रकं रंग घेत नाहीत. मग कुणाला तरी टॅग झाकून सगळ्या स्लाइड वाचायला सांग. नुसत्या मज्जा आणि प्लीहेवरून त्यांनी दिवस ओळखले आणि ते टॅगशी जुळले, तर अदलाबदलीचा प्रश्नच मिटतो.

थायमसच्या ब्लॉकबद्दल एक खबरदारी घे. आटलेला थायमस शोधताना छातीतला शेजारचा लिम्फ नोड हाती लागणं फार सोपं असतं. आवरणाखाली सायनस दिसला तर तो नोड आहे, थायमसला तसा सायनस नसतो. एकविसाव्या दिवसाचे सगळे ब्लॉक या नजरेने एकदा तपास.

आता भरलेल्या नोडबद्दल. त्यात पेशी दिसणं आणि त्याला काम करता येणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते एच-ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) या नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर दिसत नाही. शिकागोतले टालियाफेरो पती-पत्नी आणि त्याच काळात डिक्सन, टॉल्मेज व मॉरर यांनी सशांवर जे काम केलं ते वाच. किरण आधी देऊन एक-दोन दिवसांनी प्रतिजन टोचलं तर प्रतिपिंडं सगळ्यांत कमी बनतात. प्रतिजन आधी देऊन काही दिवसांनी किरण दिले तर फारसं बिघडत नाही, कधी प्रतिपिंडं उलट जास्तही येतात. ज्या सशाने ते प्रतिजन पूर्वी पाहिलेलं आहे, त्याचा दुसऱ्या वेळचा प्रतिसाद जास्त तग धरतो. म्हणजे 'लसीका संस्था दबली' एवढं वाक्य अर्धवट आहे. कुठल्या प्रतिजनासाठी, किरणांच्या आधी की नंतर, पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, हे जोडल्याशिवाय ते लिहू नये असं माझं ठाम मत आहे. पुढच्या खेपेला उंदीर मिळाले तर बाराव्या आणि एकविसाव्या दिवशी मेंढीच्या लालपेशी टोचून प्रतिपिंडं मोज.

शिवाय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या नोडमधल्या पेशी बव्हंशी वाचलेल्या थोड्या टी पेशींची पिल्लावळ असते. संख्या वाढते, पण ओळखू शकणाऱ्या प्रतिजनांची विविधता तेवढी वाढत नाही. ती थायमसमधून नवे लिम्फोसाइट निघाले तरच येते. म्हणूनच ते दुसरं आटणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. नोड भरल्यासारखा दिसतो त्याच आठवड्यात नव्या पेशींचा पुरवठा तुटलेला असतो. तुझ्या तक्त्यात नोड आणि थायमस शेजारी-शेजारी ठेव, वेगळ्या प्रकरणांत नको.

आणि मृत्यूचं म्हणशील तर एकट्या लिम्फोसाइटच्या अभावाने उंदीर दोन-तीन आठवड्यांत मरत नाही. स्किड जातीचे उंदीर टी आणि बी पेशींशिवाय स्वच्छ खोलीत कितीतरी महिने जगतात. जास्त मात्रेला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जे मरतात, ते न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट संपल्यामुळे, आतड्यातले जिवाणू आत शिरून आणि रक्तस्राव होऊन. त्याची खूण तुझ्या आतड्याच्या नोडमध्येही मिळू शकते. ऊतींत सांडलेल्या लालपेशी लसीकेबरोबर वाहत नोडमध्ये येतात, सायनस त्यांनी भरतात आणि मॅक्रोफेज त्यांना गिळतात. ५ ग्रेला हे सौम्य असेल, पण बाराव्या दिवसाच्या नोडवर लोहाचा पर्ल्स स्टेन करून घे. निळे कण दिसले तर त्या उंदराला मधल्या दिवसांत रक्तस्राव झाला असावा, एवढा अंदाज बांधता येईल; प्लेटलेट किती खाली गेल्या हे मात्र रक्ताच्या चाचणीशिवाय कळणार नाही.